माशांच्या उवांचा फाल्गुन

नातीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत आणि मला मनातून फार बरं वाटतंय. घरात हे बोलून दाखवायची सोय नाही. सून सकाळपासून हवालदिल आहे, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात पडलेत आणि कुठलासा शांपू घेऊन येणाऱ्या माणसाची वाट बघणं चाललंय. मी मात्र कपाटाच्या तळातून आईची लाकडी फणी शोधून काढली, तन्वीला गच्चीवर नेलं, पांढरा पंचा अंथरला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

फाल्गुन लागलाय. हिंदूरावच्या चढावरून येणारा वारा आता टोचत नाही, नुसता अंगावरून जातो. रिजच्या टेकडीवरच्या काटेसावरी पानं झाडून मोकळ्या झाल्यात आणि नुसत्या फुलांवर उभ्या आहेत. जाडजूड लाल फुलं. माकडं ती तोडून अर्धीमुर्धी खातात आणि उरलेली खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर टाकतात. दिल्लीत हे दिवस फार थोडे असतात. स्वेटर काढावा तर शिंक येते, ठेवावा तर घाम येतो. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून लोकरीचे कपडे बंद करायचे की अजून चार दिवस थांबायचं, यावर आमच्या घरात दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी आम्ही चुकतो.

"आजी, ये लिख क्या होती है?" तन्वीने मांडीतूनच विचारलं. ती घरात मराठी बोलते, पण अडलं की हिंदीत शिरते. शिवाय हा शब्द तिने आत्ताच माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता.

"लिख म्हणजे उवेचं अंडं. केसाला चिकटवून ठेवते ती."

"छी! मतलब उसमें से बच्चा निकलेगा?"

"निघेल की. म्हणून आठव्या दिवशी परत बसायचं माझ्यापुढे."

"परत?" ती इतकी हताश झाली की मला हसू आलं. मीही एके काळी अशीच हताश व्हायचे. पहाडगंजच्या आमच्या दोन खोल्यांवर गच्ची होती, आणि थंडी ओसरताना रविवारी सकाळी आई मला अशीच उन्हात बसवायची. फणी मिरजेच्या मामाने आणलेली, दोन्ही बाजूंनी बारीक दातांची. दिल्लीच्या फण्यांवर आईचा विश्वास नव्हता. केसांतून फणी फिरली की पंच्यावर काळा ठिपका पडायचा, आई तो अंगठ्याच्या नखावर चिरडायची आणि टक् असा बारीक आवाज यायचा. "उवा मारायला काय अक्कल लागते?" ती म्हणायची. "लिखांचे दिवस मोजता आले पाहिजेत." मग आठव्या दिवशी पुन्हा पंचा, पुन्हा ऊन, पुन्हा मांडी. मला त्या मांडीवर डुलकी लागायची. डोकं जड, पापण्यांवर लाल उजेड, वर कुठेतरी घारीचं ओरडणं. सुख म्हणतात ते मला बहुतेक तिथेच पहिल्यांदा कळलं, उवांच्या कृपेने.

पुढे माझी सगळी नोकरी उवांमध्येच गेली. माशांच्या. सरकारी प्रयोगशाळेत मी तळ्यात पाळलेल्या माशांचे रोग बघायचे. पंगतीत कुणी विचारलं आणि मी सांगितलं की समोरच्याचा घास हातातच राहायचा. माशाला ऊ होते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण होते. मसुरीच्या डाळीएवढी, चपटी, काचेसारखी आरपार, नुसते दोन काळे डोळे दिसणारी. खवल्यांना चिकटून ती माशाचं रक्त पिते. मासा बिचारा खाजवणार कशाने? मग तो तळ्यात रोवलेल्या बांबूला अंग घासतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, खाणं सोडतो, अंगावर लाल चट्टे येतात, आणि एक दिवस उलटा तरंगू लागतो. थंडीत हे सगळं निजलेलं असतं. पाणी कोमट होऊ लागलं की जागं होतं. काटेसावर फुलते ना, त्याच दिवसांत.

म्हणून फाल्गुन आला की मला बिमला आठवते.

बिमलाचं तळं गुडगावच्या पलीकडे होतं. आधी काचेच्या इमारती संपायच्या, मग गोदामं लागायची, मैलभर लांब पत्र्याची गोदामं, आणि ती संपता संपता अचानक मोहरीचं पिवळं शेत यायचं. त्या वर्षी पहिल्यांदा ऑफिसच्या जीपमधून तिथे उतरले ती वसंत पंचमीची सकाळ होती. धुकं नुकतं उठत होतं. तळं फार मोठं नव्हतं. शेताचा हा कोपरा खोलगट, पावसाचं पाणी निघता निघत नसे, म्हणून बिमलाच्या नवऱ्याने तिथे तळं खोदलं, रोहू-कटल्याची पिल्लं सोडली आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हापासून तळं बिमलाच बघत होती. पन्नाशीची बाई, उंच, डोक्यावरून ओढणी, पायात नवऱ्याचे रबरी बूट. बूट दोन नंबरांनी मोठे होते. चालताना त्यांचा डबक डबक आवाज यायचा.

तिचा दीर जगबीर बांधावर उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोला. मागच्या साली निम्मे मासे उवांनी मेले होते, आणि शेजारच्या शेतांवर गोदामं उभी राहिली होती. त्याने मला सरळ सांगितलं, "मैडम, पिछले साल भी ये ही हुआ। होली तक देखेंगे। नहीं संभला तो मिट्टी गिरवा देंगे। ज़मीन साझे की है।" जमीन सामाईक होती. एवढं बोलून त्याने खिशातून औषधाची बाटली काढून माझ्या हातात दिली. दुकानदाराने दिलेलं कीटकनाशक. "एक ढक्कन में सब साफ़।"

बिमलाने ती बाटली माझ्या हातातून घेतली आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवली, अगदी वर. "इस पानी में मेरी भैंस बैठै है," ती म्हणाली. "मैं हाथ-मुँह धोऊँ हूँ। ज़हर कोन्या डालूँगी।" कोन्या म्हणजे नाही.

मग जाळं ओढलं. एक कटला हातात घेऊन मी त्याच्या कल्ल्यापाशी चिकटलेली ऊ चिमट्याने काढली आणि तळहातावर ठेवून तिला दाखवली. तिने वाकून बघितलं. ऊ तळहातावर गोल गोल फिरत होती.

"ये तो जूँ सै!"

"हाँ, मछली की जूँ।"

बिमला हसली. तोंडावर ओढणी धरून, खांदे हलवत. "तो मैडम जी, इतनी बड़ी कंघी कित से लाओगे?"

मला त्या क्षणी आईची फणी आठवली, आणि ही बाई मला आवडून गेली.

फणी होती आमच्याकडे. सांगते. माशाची ऊ अंडी घालताना मासा सोडते. अंडी चिकटवायला तिला काहीतरी टणक लागतं, आणि तळ्याच्या तळाशी असतो नुसता चिखल. तेव्हा आपणच तिला टणक जागा द्यायची. तळ्यातले बांबू-खुंट सगळे उपटून टाकायचे आणि पाण्यात लाकडी फळ्या टांगायच्या. उवा त्याच फळ्यांवर येतात, ओळीने अंडी घालतात, खसखशीच्या दाण्यांसारखी. ती फुटायच्या आत फळ्या बाहेर काढून कडक उन्हात वाळवायच्या, तोवर पाण्यात दुसऱ्या सोडायच्या. असं तीन-चार वेळा केलं की उवांची पुढची पिढीच येत नाही. विष नको, काही नको. फक्त दिवस मोजता आले पाहिजेत. फळ्या वेळेत निघाल्या नाहीत तर मात्र आपणच उवांसाठी पाळणाघर उघडल्यासारखं होतं, हजारो पिल्लं एकदम तळ्यात.

बिमलाच्या जुन्या पडक्या घराच्या खिडक्या कडब्यात पडून होत्या. त्यांच्या फळ्या झाल्या. नाही म्हणायला निळा रंग होता त्यांच्यावर, तो दोघींनी विटेने घासून काढला. हात निळे झाले. फळ्या दोरीने रिकाम्या डब्यांना बांधल्या आणि डबे पाण्यावर सोडले. जे मासे फारच बेजार होते त्यांना मिठाच्या पाण्यात बुचकळून परत सोडलं. दुसरा संच नव्हता, त्यामुळे फळ्या शक्य तितके दिवस पाण्यात राहायला हव्या होत्या. फार लवकर काढल्या तर त्या वाळेपर्यंत तळं रिकामं, आणि उवा अंडी घालायला भलतीच जागा शोधणार. थंड पाण्यात अंडी फुटायला महिना तरी जातो. मी हिशोब केला, मोटारीच्या खोलीत लक्ष्मीचं कॅलेंडर होतं त्यावर चार आठवड्यांनंतरच्या एका शुक्रवारी लाल गोल केला आणि बिमलाला बजावलं, "इस दिन निकालना। न पहले, न बाद में।"

ती म्हणाली, "जो आप कहो।"

त्या दिवसांकडे आज बघताना सगळं थोडं धूसर, थोडं सोनेरी दिसतं. गव्हाचं हिरवं, मोहरीचं पिवळं, मध्ये ते तळं आणि त्यावर हळूहळू फिरणारे डबे. खंड्या पक्ष्याला ते डबे फार आवडले होते. त्यावर बसून तो टक लावून पाणी बघत राहायचा. बिमला बाजेवर बसून गाजरं सोलायची आणि मला एकेक देत राहायची. मी फळ्यांवरची अंडी भिंगातून बघायचे, तिलाही बघायला द्यायचे. ती एक डोळा मिटून बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "बेचारी। इसनै भी तो टाबर पालणे सैं।" टाबर म्हणजे पोरं. उवेचीही तिला दया यायची.

घरी येऊन मी हे सगळं आईला सांगायचे. आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. "केवढी फणी ग बाई!" ती म्हणायची आणि पुनःपुन्हा सांगायला लावायची. "अन् ती बाई काय म्हणाली? कंघी कुठून आणणार? बिल्कुल माझ्यासारखी आहे हो." मग न चुकता विचारायची, "दिवस नीट मोजलेस ना?"

मोजलेच होते. कॅलेंडरवर.

फळ्या टाकल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आईला न्यूमोनिया झाला. इस्पितळात भरती करावं लागलं. तिथले दिवस सगळे सारखेच असतात. सकाळ की दुपार ते जेवणाच्या गाडीवरून कळतं. आईच्या नाकाला नळी, हाताला सलाईन, आणि मी स्टुलावर. अशाच एका सकाळी, डॉक्टर फेरीला येण्याच्या बेतात असताना, बिमलाचा फोन आला.

"मैडम जी, पानी बदल गया सै। तड़के हाथ डाला तो काटै कोन्या। पहले तो..."

डॉक्टर दारात दिसले. "तारीख लिखी है ना?" मी म्हणाले. "उसी दिन निकालना।" आणि फोन ठेवून दिला.

ती पुढे काय सांगत होती ते मी ऐकलंच नाही. त्यानंतर मी तिला आठवलंही नाही, खरं सांगायचं तर. त्या दिवसांत मला आईच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

मग तो गुरुवार. लाल गोलाच्या आदला दिवस. दुपारची वेळ, आईला पुन्हा ताप चढला होता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. तिने डोळे उघडले. "किती गार हात ग तुझा," ती पुटपुटली. "अजून थंडी आहे का बाहेर?"

"नाही ग. पंखा लावलाय बघ."

बोलून गेले आणि वर बघितलं. खरंच पंखा चालू होता. शेजारच्या पेशंटच्या बायकोला विचारलं, तर म्हणाली, "ये तो दस-बारह दिन से चल रहा है, बहनजी। इस बार फागुन में ही जेठ आ गया।"

दहा-बारा दिवस. मी त्या पंख्याखाली बसून आईवर शाल पांघरत होते, डबा खात होते, आणि मला दिसलं नव्हतं. थंड पाण्याला महिना. पण पाणी तापलं तर अंडी पंधरा-वीस दिवसांतच फुटतात, ही गोष्ट मी दर वर्षी नव्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवायचे! मी दिवस मोजले ते थंडीचे, आणि थंडी कधीच निघून गेली होती. ती बाई मला हेच सांगायला फोन करत होती. म्हणजे फळ्यांवरची अंडी आठवड्यापूर्वीच फुटली असणार. हजारो उवा. होळीला दहा दिवस. जगबीर, मातीचे ट्रक, आणि तिथे फिरणारे ते डबे. रडू आलं मला. इतकं आलं की आईने विचारलं काय झालं, आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, तापाने फणफणलेल्या आईला माशांच्या उवांबद्दल सांगू लागले.

आईने सगळं ऐकून घेतलं. "जा," ती म्हणाली. "मला काही होत नाही एवढ्यात. तुझी बाई वाट बघत असेल."

धाकट्या भावाला बोलावून घेतलं, त्याला स्टुलावर बसवलं आणि टॅक्सी केली. त्या दिवशी रस्ताभर सावरी फुललेल्या होत्या. गाडीच्या काचेतून लाल, लाल, परत लाल. लोक अर्ध्या बाह्यांनी फिरत होते. उसाच्या रसाची गाडीसुद्धा लागली होती चौकात. सगळं गाव मला सांगत होतं आणि मी कॅलेंडर बघत बसले होते.

शेताच्या वाटेवर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. तळं शांत होतं. डबे पाण्यावर फिरत होते. बिमला म्हशीला पाणी दाखवत होती, मला बघून दचकली. "माँ जी ठीक हैं?" तिने आधी हेच विचारलं. मी मान हलवली. मग माझी नजर मोटारीच्या खोलीच्या भिंतीकडे गेली.

आमच्या फळ्या भिंतीला टेकवून उन्हात उभ्या होत्या.

"वो मैडम जी, आज ही निकाले," ती घाईघाईने म्हणाली. "आपनै तो कल का कहा था। एक दिन पहले निकाल लिए, माफ़ करना।"

मी फळीला हात लावला. कोरडी ठणठणीत. त्या दिवशी सकाळी पाण्यातून निघालेली फळी अशी नसते. चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. पर्समधून भिंग काढलं. अंड्यांच्या ओळीच्या ओळी होत्या, आणि सगळी अंडी बंद. फुटलेलं अंडं रिकामं दिसतं, टोपण उडाल्यासारखं. ही आतल्या आत वाळून गेली होती. फुटण्याआधीच बाहेर आली होती. आठ-नऊ दिवस तरी झाले असावेत. म्हणजे मी फोन ठेवला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या.

मग पाण्यात काय टांगलंय? मी वळून बघितलं आणि मला तिची राहती खोली दिसली. खोलीला दार नव्हतं. चौकटीत फुलाफुलांची चादर खिळ्याला अडकवली होती आणि ती वाऱ्याने आत-बाहेर होत होती. दुसरा संच नव्हता ना आमच्याकडे. तिने खोलीचं दार उतरवलं होतं, त्याच्या फळ्या केल्या होत्या आणि त्या तळ्यात सोडल्या होत्या.

मी बराच वेळ त्या चादरीकडे बघत राहिले. बोलायला हवं होतं. चूक माझी होती, तुम्ही वाचवलंत, एवढी दोन वाक्यं. हिंदीत तर आणखी सोपी. पण माझ्या तोंडून निघालं ते हे, "कोई बात नहीं। एक दिन से फ़र्क नहीं पड़ता।"

"चाय बणाऊँ?" बिमला म्हणाली.

चहा प्यायले. आल्याचा, खूप गोड. तळ्यात एक कटला उसळला, नुसताच, मजेखातर, आणि पुन्हा पाणी मिटलं. निघताना मोटारीच्या खोलीत डोकावले. लक्ष्मीच्या कॅलेंडरवर माझा लाल गोल होता तसाच होता. पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्या गोलात पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. माझ्याच शुक्रवारी.

होळीनंतर जाळं ओढलं तेव्हा जगबीर स्वतः हजर होता. एकेक मासा उलटापालटा करून बघत होता. अंगं स्वच्छ, खवले चकचकीत. कुठे एखादी चुकार ऊ निघाली तर निघाली. तो बांधावर उकिडवा बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "चलो, इस साल रहण दो।" तळं राहिलं. त्यानंतरही दर साली तो "इस साल रहण दो" म्हणत आलाय, आणि तळं अजून तिथे आहे.

ऑफिसात मी अहवाल लिहिला. 'फळ्या ठरल्या दिवशी काढण्यात आल्या.' साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं, समोसे मागवले. मी दोन खाल्ले. त्यांची चव अजून जिभेवर आहे, आणि ती चांगली नाही. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात मी एक ओळ घातली, 'तारखेवर विसंबू नका, रोज सकाळी पाण्यात हात घालून बघा.' साहेब म्हणाले, "हाथ? थर्मामीटर लिखिए, मैडम।" मी दोन्ही लिहिलं. पण ही ओळ मला कुणी शिकवली, ते कुठेच लिहिलं नाही.

आई बरी होऊन घरी आली. तिला मात्र मी सगळं खरं सांगितलं, दारासकट. ती म्हणाली, "मग सांगितलंस का तिला, की तुला कळलंय?"

"नाही."

"सांग हो."

पुढच्या फाल्गुनात तिने पुन्हा विचारलं. सांगितलंस का? त्याच्या पुढच्याही. त्यानंतरच्या फाल्गुनात विचारायला आई नव्हती. फणी तेवढी कपाटाच्या तळाशी राहिली.

मी निवृत्त झाले. बिमलाचा फोन मात्र दर साली येतो, सावर फुलली की आठ-दहा दिवसांत. "मैडम जी, तख्ते कद निकालूँ?" फळ्या कधी काढू, म्हणून. मी दर साली विचारते, हाथ क्या कहता है? ती सांगते. मी म्हणते, तो बस. तिला माझी गरज नाही, हे मला त्या चादरीसमोरच कळलेलं आहे. तरी ती विचारते आणि मी पाहुण्यासारखी उत्तर देते.

आज फणी हातात होती, पांढऱ्या पंच्यावर तीन ठिपके पडले होते आणि तन्वीच्या पापण्या जड झाल्या होत्या, तेव्हा फोन वाजला. मी तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला.

"मैडम जी, राम-राम। तख्ते कद निकालूँ?"

माझी नजर फणीवर होती. तिच्या दातांत आईचा एक पांढरा केस अजून अडकलेला आहे. मी तो कधी काढलेला नाही.

"बिमला जी," मी म्हणाले, "उस साल मेरी तारीख गलत थी। आपने दरवाज़ा उतारकर तालाब में डाला था। मुझे उसी दिन पता चल गया था। मैंने कहा नहीं।"

पलीकडून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"मन्नै बेरा था," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं! "आप चादर नै देखते रहे। मैं सोचूँ थी, इब बोलोगे, इब बोलोगे।"

"तो आपने क्यों नहीं कहा? एक दिन पहले निकाले, ऐसा झूठ क्यों?"

"आपकी माँ अस्पताल में थी, मैडम जी। गलती का पता चलता तो उधर भी थारा जी न लगता।" मग ती हसली, तेच ओढणीआडचं हसणं असणार. "दरवाज़ा तो दूसरा लग गया।"

तन्वीने अर्धवट झोपेत विचारलं, "आजी, कौन है?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"तो फिर हर साल मुझसे पूछती क्यों हो?" मी शेवटी विचारलं. "हाथ तो आपका ही सही है।"

"उस दिन आपनै पूरी बात सुणे बिना फ़ोन धर दिया था," बिमला म्हणाली. रागाने नाही, हवा सांगावी तसं. "तो मैं हर साल पूछ लूँ हूँ। इब पूरी सुण लेते हो। अच्छा लगै सै।"

"आज हाथ क्या कहता है?"

"आज ही का कहता है।"

"तो आज ही।"

दोघींनीही फोन ठेवला नाही. बुटांचा डबक डबक आवाज आला, मग पाण्यात पाय शिरल्याचा. दोरी ओढली गेली. फळी वर आली असावी, कारण तिच्यावरून पाणी निथळून तळ्यात पडत राहिलं, आणि नातीचं डोकं मांडीवर घेऊन मी ते शेवटच्या थेंबापर्यंत ऐकलं.